आतड्याची तार

“डाव्या बोटानं तार दाबा, मग उजव्यानं छेडा. घाबरू नका बाई, ती चावत न्हाय!” अमीनभाईंचा तो आवाज अजून माझ्या पोटात घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना डबल बास आहे. माणसाहून उंच, चार जाड तारांचा. व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा ना. कोल्हापूरच्या एका चित्रपट स्टुडिओत अमीनभाई मला उभ्यानं वाजवत. तेव्हा माझं कोण कौतुक! पुढं त्यांचा डावा हात लुळा पडला आणि मी त्यांच्या घरी धूळ खात राहिलो. शेवटी त्यांनी मला शेजारच्या पद्मजाबाईंवर सोपवलं. बाई भजनाला पेटी वाजवत.

“मी कुरुंदवाडला लेकीकडं जायच्या आधी एकदा ह्याचा आवाज कानावर पडू द्या,” अमीनभाई म्हणाले.

“सगळे सूर वाजवून दाखवीन,” बाईंनी शब्द दिला.

पण पेटीवर पट्टी डोळ्यांना दिसते. माझ्या गळ्यावर खूणच नाही. बाई ‘रे’ शोधायला जात आणि भलताच सूर निघे. त्या गोंधळत, मीही गोंधळून जाई. मी तंबोरा की सारंगी, मलाच उमगेना.

रोज पूजा आटोपून त्या सोवळ्यातच माझ्यापाशी येत. ग सापडला, म सापडला. मग एक दिवस शेजारच्या बाळाबाई दारातूनच ओरडल्या, “अगं पद्मजा, सोवळ्यात ह्याला शिवतीस व्हय? मेंढीच्या आतड्याची तार हाय की ती!”

बाईंनी चटका बसल्यागत हात काढला. माझ्यावर चादर पडली. मित्रांनो, माझं काय चुकलं? जिच्यामुळे गातो, तीच तार माझा दोष?

मग निरोप आला : अमीनभाई उद्या निघणार.

बाईंचे सासरे अप्पा गालात हसले. “सूनबाई, देवळातल्या मृदंगाला काय केळीचं पान लावलंय?”

“मला काही सुचत नाही, अप्पा. तेही पटतं, हेही पटतं.”

बाई देवापुढं जाऊन बसल्या. उठल्या, सोवळं उतरवून साधं लुगडं नेसल्या आणि पदरानं माझी धूळ पुसू लागल्या. प अजून डळमळताच होता.

मित्रांनो, घरातलं वाद्य झाकून ठेवू नका. चुकत का होईना, त्याला हात लावा. न वाजणारं लाकूड आतून मुकं होत जातं.

अप्पांनी माझं बूड धरलं, बाईंनी मान. मला घेऊन दोघं अमीनभाईंच्या दाराकडे निघाले.