बारावी बशी

नको असलेला आकडा समोर आला की "काहीतरी चुकलं असेल" म्हणून आपण मोकळे होतो. ही सवय तुमची-आमची, सगळ्यांचीच!

एका प्रयोगशाळेतल्या मॅडमही तशाच मोकळ्या झाल्या. ऑपरेशननंतर टाके पिकू नयेत म्हणून जंतू मारणारा धागा त्यांनी सहा वर्षं खपून तयार केला होता. जंतू पेरलेल्या बारा काचेच्या बश्यांत धाग्याचे तुकडे ठेवले. अकरा बश्यांत धाग्याभोवती जंतू फिरकले नाहीत. बारावीत मात्र जंतूंची पांढुरकी साय थेट धाग्यावर चढली होती. मॅडमनी ती धुवायला टाकली आणि अहवालात लिहिलं, अकरापैकी अकरा. उद्या अहवाल गेला की धागा माणसांवर वापरून बघायची परवानगी मिळणार होती.

तेव्हापासून तो वास यायला लागला. त्यांच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या जखमेवरच्या पट्टीचा वास. वीस वर्षांपूर्वी त्याचं ऑपरेशन उत्तम झालं, पण टाके पिकले आणि नवव्या दिवशी तो गेला. मॅडमनी तीनदा हात धुतले. जेवणाचा डबा उघडला, तर डब्यालाही तोच वास!

"मावशी, इथे काही सडलंय का?"

"नाही हो ताई," बश्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "ही एक बशी तेवढी न धुता ठेवलीय. म्हटलं, तुम्ही परत मागाल."

"टाका ती. कुणाचा हात लागला असेल. डझनात एखादी अशी निघतेच!"

बोलल्या आणि तिथेच थबकल्या. दादा गेला तेव्हा डॉक्टर आईला हेच म्हणाले होते, "शंभरात एखादा असा निघतोच." आई तेव्हा दादाच्या चपला पिशवीत भरत होती.

"हात लागलाही असेल," मावशी म्हणाल्या. "पण ताई, तुमच्याकडे बारा बश्या आहेत. ज्याला टाके पडतील, त्याच्या घरी तो एकच असतो ना?"

मॅडमनी अहवाल फाडला. नवा लिहिला : बारापैकी अकरा, एक फसली, कारण माहीत नाही. वरचे साहेब भडकले, परवानगी लांबली. तीन महिन्यांनी कारण सापडलं. बाराव्या बशीतला तुकडा धाग्याच्या रिळाच्या शेवटच्या टोकाचा होता आणि प्रत्येक रिळाच्या टोकाला औषधाचा लेप पातळच बसत होता!

त्या संध्याकाळी मॅडमनी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्या डॉक्टरांना अशी मावशी भेटली नाही गं."

वास अजूनही अधूनमधून येतो. आला की मॅडम हातातलं काम थांबवतात आणि बश्या पुन्हा मोजतात. आपणही मोजू या! कागदावरून आपण ज्या एकाला खोडतो, त्याची कुणीतरी घरी वाट बघत असतं.