एकवीस दिवसांचा साबण

धाकट्याने व्यवस्थापनाची पदवी घेतली, आणि तिचा फायदा ताईला त्याच आठवड्यात दिसला. अप्पा त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत होते.

अप्पांच्या साबणाच्या कारखान्यात ताई अठरा वर्षं राबत होती. साबणाची लादी वड्या कापण्याइतकी घट्ट झाली की नाही, हे तिला नुसता अंगठा टेकवून कळायचं. अप्पा आता थकले होते. आपली खुर्ची लेकीला द्यायची की लेकाला, हे ते आज ठरवणार होते.

धाकट्याने भिंतीवर आपला अहवाल दाखवला. याच कारखान्यावर लिहिलेला, आणि कॉलेजात पहिला आलेला. दुसऱ्या पानावरच ताईने ओळखलं की हे सगळं आपलंच आहे. दोन वर्षांपूर्वी हा पठ्ठ्या रोज जेवायच्या सुट्टीत फोन करायचा. "ताई, थोडक्यात सांग ना." ही भोळी डबा तसाच ठेवून तासभर सांगत बसायची. अहवाल जमा झाला आणि त्याचे फोन बंद झाले, ते अगदी तिच्या वाढदिवसालाही आले नाहीत. हेच सगळं तिने अप्पांना दहादा सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी त्याला कुरकुर म्हटलं होतं. आता ते मान डोलावत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वड्या वाळवायला चाळीस दिवस लागतात, ते आपण एकवीसवर आणू," धाकटा म्हणाला.

हेही तिचंच. तिने तसं करून पाहिलं होतं, त्याला उत्साहाने कळवलंही होतं, आणि पुढे ते सपशेल फसलं होतं. वड्या कागदात गुंडाळल्यावर उरलेली ओल उडून आकसल्या, कागद ढिले पडले. सगळा माल तिने आणि कापणीवाल्या मावशींनी पुन्हा बांधला. पण ते सांगायचं कोणाला? तोवर अहवाल जमा झाला होता.

"एकवीस पुरत नाहीत. मी करून बसलेय," ताई म्हणाली.

"ताई, हा अभ्यासाचा निष्कर्ष आहे."

"तो शिकून आलाय, तू मध्ये बोलू नकोस," अप्पा म्हणाले, आणि खुर्ची धाकट्याला दिली.

दोन महिन्यांनी दुकानांतून खोकी परत आली. वाळवणीच्या खोलीत मावशींनी एक वडी उचलून हलवली. ती कागदात खुळखुळली.

"बापाचा सदरा पोराला घातलाय जणू," मावशी पुटपुटल्या.

धाकट्याने घसा साफ केला. "नियोजन बरोबर होतं. अंमलबजावणी कमी पडली."

कारखान्यात अंमलबजावणी कोण करतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा ताईकडे वळले. "तुझ्यावर सोपवलं होतं ना? एवढंही जमलं नाही?"

ताईला रडू आलं नाही. तिला भावाचा राग आला आणि बापाचा त्याहून जास्त. तिने कमरेची कारखान्याची किल्ली सोडून मांडणीवर ठेवली, एप्रन काढून मावशींच्या हातात दिला आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीच्या वेळेला फोन वाजला. धाकटाच होता. ताईने नाव पाहिलं, पान पुढे ओढलं आणि सावकाश, पोटभर जेवली. फोन वाजत होता.