रश्मिकाची सात वारांची डबी

मी गोळ्या ठेवायची, सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी बोलतेय. वाराला एक कप्पा. जन्म राजकोटच्या कारखान्यातला. माझ्या बहुतेक बहिणी रक्तदाबवाल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी गेल्या; मला भावनगरच्या रश्मिकानं उचललं. वय एक्केचाळीस, शाळेत गणित शिकवायची, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिला मूल हवं होतं आणि हे ती कुणापासून लपवत नव्हती.

मग काय, सगळेच मदतीला धावले. सासूनं, म्हणजे बांनी, शतावरीच्या गोळ्या आणल्या. शेजारणीनं ताकदीची पूड दिली. अमेरिकेहून नणंदेनं मोठाल्या पिवळ्या कॅप्सूल पाठवल्या. महिन्याभरात माझी झाकणं लागेनात.

"जेवायला थोडी जागा ठेव हं!" गालात तंबाखूचा मावा धरून नवरा, हर्षद, हसायचा. माझ्यात त्याची एकही गोळी नव्हती.

रश्मिकाला मळमळू लागलं, तेव्हा दोघं डॉक्टर नयनाबेनकडे गेले. त्यांनी मला टेबलावर उपडी केलं.

"हे कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"ही पिवळी आजपासून बंद. यातलं अ जीवनसत्त्व इतकं जास्त आहे की गर्भाला अपाय व्हायचा. फॉलिक अॅसिड मात्र आत्तापासून घ्या. बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच घडतो. तुमच्या रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमी आलंय, तेही देते. पण बेन, गोळ्यांनी वय कमी होत नाही. आणि हर्षदभाई, तुमची तपासणी?"

"माझी कशाला? मी ठणठणीत आहे."

"आधी मावा थुंकून या."

हर्षदचा अहवाल आला. शुक्राणू कमी होते; तंबाखूनं ते आणखी घटतात, असं डॉक्टरांनी बजावलं. हर्षद तो कागद दोन दिवस खिशात घेऊन हिंडला.

बा चिडल्या, "वहू, माझ्या मुलाला दोष लावतेस?"

"दोष नाही बा, इलाज करतोय. दोघांचा."

तिसऱ्या दिवशी हर्षदनं माव्याच्या पुड्या कचऱ्यात टाकल्या. आठवडाभर तो बडीशेप चघळत सगळ्यांवर खेकसला. पण माव्याला पुन्हा शिवला नाही.

सात महिन्यांनी रश्मिकाला दिवस गेले. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. माझं काम मी चोख केलं, एवढं मात्र ठणकावून सांगेन.

आता तिला पाचवा महिना आहे. माझ्यात लोह आणि कॅल्शियम असतं, डॉक्टरांनी मोजून दिलेलं. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यात काय भरायचं ते शेजारणीला विचारू नका. दवाखान्यात जा, आणि दोघं जा.

बरं, पुरे करते. हर्षद पाण्याचा पेला घेऊन आलाय, आणि बा मागून ओरडताहेत, "अरे, आधी तिला जेवू तर दे!"