गोलकीपरची हाक

माझ्या गुडघ्यांवर चर्चा करायला अख्खी टीम जमली होती, आणि त्यांतल्या एकालाही दुखरा गुडघा कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं.

बैठक कुवेतमधल्या अहमदीत, परीक्षितच्या घरी होती. परीक्षित आमच्या हॉकी टीमचा कॅप्टन. आखाती युद्धाआधी आमच्या मराठी टीमकडे खेळाडूंची रेलचेल होती. आता एक्याण्णवचा नोव्हेंबर संपत आला होता, तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या, आणि कुवेतला परतलेल्यांची जेमतेम एक टीम उभी राहत होती. पुढच्या फळीत तर दुष्काळच. फहाहीलच्या टीमची गत नेमकी उलटी. त्यांच्याकडे पुढे खेळणारे भरपूर, पण गोलकीपर केरळातून परतलाच नव्हता. म्हणून त्यांनी निरोप पाठवला होता, की तुमचा चंद्रहास आम्हाला द्या आणि आमचा अशरफ घ्या. चंद्रहास म्हणजे मी.

"काकांना देऊन टाकायचं म्हणजे काय?" सुयोग भडकला. हा आमचा लेफ्ट इन, मी त्याला पोरगेला असल्यापासून पाहिलेलं. "इतकी वर्षं गोल सांभाळलाय त्यांनी."

"म्हणूनच म्हणतोय, आता वय झालं," परीक्षित म्हणाला. "आपला रत्नागिरीचा रियाज आहे ना, गोलात काय उड्या मारतो! आणि अशरफ आला तर आपले गोल तरी होतील. फहाहीलला कीपर मिळाला नाही तर मॅचच बंद पडतील. काका, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? बायको नीला आणि मुलगी गेल्या वर्षी, इराकी फौजा आल्यावर, जॉर्डनच्या वाळवंटातून कशाबशा नाशिकला पोचल्या. पुन्हा कुवेतमध्ये पाऊल ठेवणार नाही, असं नीलाने स्वच्छ सांगितलं. तिचं काही चुकलं नाही. मी नोकरीसाठी एकटा परत आलो. महबूलाच्या इमारतीत माझ्या मजल्यावर दुसरं कुणी राहत नव्हतं. कामावर 'ओके सर' आणि 'बुक्रा', म्हणजे उद्या बघू, एवढ्यावर दिवस निघायचा. तोंडभरून मराठी बोलायला मिळायचं ते शुक्रवारी, गोलात उभं राहून. "सुयोग, मागे ये! परीक्षित, झोपलास का मेल्या?" गोलकीपरला सगळं मैदान दिसतं, म्हणून ओरडायचा मान त्याचा. मी तर चेंडू पार पलीकडच्या गोलपाशी असतानाही ओरडायचो.

हे एवढ्या माणसांसमोर कोणत्या तोंडाने सांगायचं? मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

"माझ्यावर उपकार म्हणून ठेवून घेऊ नका," मी म्हणालो. "जातो मी फहाहीलला."

परीक्षितने सुटकेचा निःश्वास सोडला. निदान मी बाहेर पडेपर्यंत तरी थांबायचं.

फहाहीलची माणसं भली होती. त्यांनी मला नवी जर्सी दिली, मॅच संपली की बसायला खुर्ची आणून दिली. पण मागची फळी मल्याळी आणि पंजाबी. तिथे हिंदीत ओरडावं लागायचं, आणि मनातलं हिंदीत आणेपर्यंत चेंडू माझ्या मागच्या जाळ्यात जायचा. शिवी तर मला हिंदीत धड येतच नाही.

मग एका शुक्रवारी समोर आमचीच जुनी टीम आली. मैदानावर अजून काजळी होती, चेंडू पहिल्या पाच मिनिटांत काळा झाला. सुयोग आमच्या मागच्या फळीला चकवून एकटाच माझ्या अंगावर आला. अंगात कोणती जर्सी आहे हे मी साफ विसरलो.

"सुयोग, मागे ये!"

आणि तो गर्रकन मागे फिरला! चेंडू तिथेच सोडून निघाला. सगळं मैदान हसलं. सगळ्यात जास्त मी हसलो, किती दिवसांनी हसलो.

परीक्षित तणतणत अंपायरकडे गेला. "आमच्या माणसाला हाक मारून फसवतायत!" अंपायर गुरुप्रसाद मंगळूरचा, सरळमार्गी माणूस. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, उनके प्लेयर को आवाज़ मत दीजिए."

मी फसवलं नव्हतं हो. पण ते सांगायचं कुणाला? त्यानंतर मी तोंड मिटलं ते मिटलंच, हिंदीतसुद्धा उघडलं नाही. अशरफने माझ्यावर गोल मारला आणि वर "सॉरी चाचा" म्हणाला.

मॅच संपत आली तेव्हा सुयोग पुन्हा चेंडू घेऊन एकटा आला. मी गोल सोडून पुढे झालो. गोलसमोरच्या डीच्या रेषेपाशी त्याचा वेग कमी झाला.

"काका," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ओरडा की."

"मनाई आहे."

"असे गप्प उभे राहू नका हो. मला बघवत नाही. ओरडा."

माझे डोळे भरून आले. मी छाती भरून श्वास घेतला आणि जीव तोडून ओरडलो, "सुयोग! मागे ये! अरे, मागे ये म्हणतोय ना!"

गुरुप्रसादने शिट्टी तोंडात घातली, पण वाजवली नाही.

सुयोग या वेळी मागे फिरला नाही. मीच शिकवलं होतं तसा त्याने चेंडू खालून, डाव्या कोपऱ्यात मारला. त्याच्या टीमने त्याला गराडा घातला. मी गुडघा धरून वाकलो आणि जाळ्यातून चेंडू काढला. घसा पार बसला होता. बसू दे म्हटलं, उद्यापासून त्याला काम तरी काय होतं?