पान एकशे बारा

"मले अडवू नोका, सासूबाई. मी जाऊन राह्यली." विठ्ठलराव हेडमास्तरांनी हे वाक्य मोठ्यानं वाचलं आणि वाचनालयाच्या वार्षिक सभेत हशा पिकला. कादंबरी पुण्यातल्या एका घराची होती. तिची नायिका एकशे अकराव्या पानापर्यंत अगदी शुद्ध बोलत होती आणि एकशे बाराव्या पानावर एकदम वऱ्हाडी बोलत आमच्या बोरी अरबची झाली होती. मीही हसलो. मी वाचनालयाचा चिटणीस होतो, म्हणजे नावाला. काम सगळं देवराव करायचे.

देवराव दिवसभर जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठींवर नंबर रंगवत. सुटले की हातपाय धुऊन वाचनालय उघडत, तेही फुकट, चौदा वर्षं. नंबर घालून घालून अक्षर असं वळणदार झालेलं की छापखान्यानं लाजावं. म्हणून फाटक्या पुस्तकांची हरवलेली पानं ते हातानं लिहून डकवत. या कादंबरीची चार पानं आमच्या एक सभासद इंदूबाई यांच्या बकरीनं खाल्ली होती. देवराव रविवारी मोटारीनं यवतमाळला गेले आणि तिथल्या वाचनालयात बसून ती उतरवून घेऊन आले.

विठ्ठलराव तेव्हा आमचे नवे अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता, पण शुद्धलेखनापुढे त्यांना देवही दिसत नसे. त्यांनी ठराव मांडला: हातानं लिहिलेल्या पानांची सगळी पुस्तकं रद्द करावीत, नव्या प्रती मागवाव्यात आणि किल्ली जबाबदार माणसाकडे द्यावी. मग त्यांनी देवरावांना विचारलं, ही चूक झाली ना? मी मनात म्हणत होतो, बाबा, हो म्हण आणि मिटव.

"चूक नाही, सर," देवराव म्हणाले. "तीन पानं जशीच्या तशी उतरवली. या पानावर आलो न् हात उठेना. थे बाई घर सोडून रडून राह्यली होती. रडताना माणूस पुस्तकातलं बोलते काय?"

लेखकाचे शब्द बदलायचा अधिकार कुणी दिला, असं सरांनी विचारलं.

"थो अधिकार मले नाही," देवराव म्हणाले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले. ठराव मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, याची मला अजून लाज वाटते.

पुढचे पंधरा दिवस वाचनालय मी उघडलं. मला एक पुस्तक धड सापडत नव्हतं. कुणाला काय आवडतं हे देवरावांना तोंडपाठ होतं. माझ्याकडे लोक यायचे, जरा टेकायचे आणि रिकाम्या हातानं परत जायचे. देवराव जिनातून सुटून समोरूनच घरी जात, पण मान वर करत नसत. रद्द पुस्तकांचा गठ्ठा मी बांधला होता, तो रद्दीत घालायला मात्र मन धजेना.

त्या कादंबरीची नवी प्रत आली. इंदूबाईंनीच ती पहिल्यांदा नेली आणि दोन दिवसांनी माझ्यापुढे आणून ठेवली. शेजारी विठ्ठलराव पेपर वाचत बसले होते.

"याच्यात थे बाई घर सोडते, पण रडत नाही," त्या म्हणाल्या. "मले जुनंच द्या."

मी गठ्ठा सोडला. विठ्ठलरावांनी दोन्ही प्रती मागून घेतल्या आणि एकशे बारावं पान दोन्हींत वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मग जुनी प्रत इंदूबाईंना दिली, किल्ली उचलली आणि ते स्वतः देवरावांच्या घरी गेले. हेडमास्तर कुणाच्या दारी जाण्यातले नव्हते. तिथं काय बोलणं झालं, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालय देवरावांनी उघडलं. ठराव वहीत अजून तसाच आहे. पाळला कुणीच नाही.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात देवराव वारले. शोकसभेला जिनातले मजूर आले, मास्तर आले, बायाबापड्या आल्या. खोलीत मावेनात तेवढे लोक रस्त्यावर उभे राहिले. असा माणूस आमच्या गावात होता, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. त्यांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. म्हणून विठ्ठलराव म्हणाले, टेबलावर ती कादंबरी ठेवू, तिला हार घालू.

मी कपाट उघडलं. नवी प्रत जागेवर होती, सात वर्षांनीही कोरी करकरीत. जुनी कुणीतरी वाचायला नेली होती. घरी माणूस पाठवून मागवू का, असं मी विचारलं.

"नको," विठ्ठलराव म्हणाले. "वाचून होऊ द्या."

हार आम्ही रिकाम्या टेबलावरच ठेवला.