पेटीत न मावलेलं स्तोत्र

आत्याने दारातूनच "कसे आहेत आमचे दादा?" असं गोड आवाजात विचारलं आणि लेकीच्या हातातल्या पडद्याची शिवण वाकडी गेली. तिने मशीन थांबवलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आणि तिच्या हातात सदान्‌कदा ती वचनपेटी. साबणाच्या वडीएवढी, आत सुरळी केलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक गोड वचन. ज्याच्या घरी दुःख त्याच्यापुढे पेटी उघडायची, चिठ्ठी उचलायला लावायची आणि चहा पिऊन निघायचं.

बाबांना चर्चच्या मंडळीत सगळे भोंगा म्हणत. प्रेमानेच. ते गाऊन प्रवचन करायला उभे राहिले की मागच्या बाकावरचे पेंगणारेही ताठ बसत. बाबा एकच ओळ घेत, गात, बोट वर करून सगळ्यांकडून पुन्हा गाऊन घेत. म्हणत, "घाई नको. रस सुटेपर्यंत चावायची, मगच पुढची." गेल्या थंडीत गळ्यातली गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आता गळ्याला भोक आणि उशाशी पाटी. घरी आल्या आल्या त्यांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते हे, की शास्त्र या खोलीत नको.

लेकीला ते वाक्य आतून खात होतं. ज्या देवाशी जन्मभर गप्पा मारल्या त्याच्याशीच अबोला धरून बाबा जाणार, ही धास्ती तिच्या मनातून हलत नव्हती. पण समजवायला जावं कुठल्या तोंडाने? जेवणाआधीच्या प्रार्थनेला ती स्वतःही नुसती मान खाली घालायची. शब्द काढला असता तर शिवीच निघाली असती.

"उचला दादा, एकच," आत्या खाटेशी बसत म्हणाली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "बरं, मी उचलते तुमच्या नावाने." तिने चिठ्ठी उलगडली आणि मान डोलावली. "बघा, कसं नेमकं आलंय. देवाने माझं भलं केलंय, मी त्याला गाणं गाईन, असं आहे. म्हणजे दादा, तुम्ही..."

बाबांच्या गळ्यातून हवेची बारीक शिटी वाजत राहिली.

"आत्या, पेटी बंद कर."

"अगं, माझ्या पदरचं आहे का? त्याचं वचन आहे."

"ज्याचा गळा कापला त्याला गा म्हणतेस? उद्या पांगळ्याला बूट नेऊन दे, आणि वर चहाही माग."

"तुझ्या जिभेला काही हाड? देवाला काय वाटेल?"

"त्याचं तो बघेल. तू चपला घाल."

आत्याचे डोळे भरले. लेकीला वाईट वाटलं नाही, निदान त्या घटकेला तरी नाही. आत्या पेटी घेऊन गेली. चिठ्ठी खाटेवरच राहिली.

लेकीने ती उचलली. कोपऱ्यात बारीक अक्षरात स्तोत्राचा आकडा होता. "हे लिहिलं कुणी ते तरी बघते," असं पुटपुटत तिने बाहेर मशीनजवळच्या कापडाच्या ताग्यांखालून शास्त्र ओढलं. पानं अशी फराफरा उलटली की एक फाटलंच. स्तोत्र एवढंसं होतं. चिठ्ठीवरची ओळ अगदी तळाशी होती. आणि वर?

वर एक माणूस देवाला जाब विचारत होता. कुठवर विसरणार आहेस मला? कुठवर तोंड लपवशील? हे दुखणं मी कुठवर उरात वागवू? कुठवर वैऱ्याने माझ्यावर हसायचं?

"कात्री चालवलीय," ती म्हणाली. "अख्खं कापड ठेवून नुसता काठ कापून आणलाय हिने."

खोलीत शास्त्र नको होतं, म्हणून ती उंबऱ्यावरच उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली. भांडताना चढतो तसा तिचा आवाज चढला होता. टक. बाबांचं बोट खाटेच्या दांडीवर आपटलं. ती थांबली. झालं, आता पाटी येणार.

पाटी आली नाही. बाबांनी बोट वर केलं. पुन्हा.

तिने पुन्हा वाचलं. कुठवर, टक. कुठवर, टक. तिसऱ्या खेपेला पुस्तकाकडे बघायची गरजच उरली नाही. "कुठवर? एवढ्या जगात माझ्या बापाचाच गळा सापडला का तुला?" हे पुस्तकात नव्हतं. बाबांनी दुरुस्त केलं नाही, ताल धरूनच ठेवला. त्यांचे गाल ओले झाले होते, आणि चेहरा असा लाल, की आवाज असता तर छप्पर उडालं असतं.

लेकीला वाटलं होतं, असं बोललं की देव उठून जातो. पण हे बोलणं त्याने स्वतःच्या पुस्तकात राहू दिलं होतं. राग तसूभर कमी झाला नव्हता. फक्त तो आता हवेत जात नव्हता, कुणीतरी ऐकून घेत होतं. खाटेच्या कडेला टेकून, काही न समजावता, एकही चिठ्ठी पुढे न करता.

ती तळाच्या ओळीपाशी आली तसा बाबांनी तळवा उभा धरला. पाटी ओढून लिहिलं, 'ती अजून नाही.' मग खाटेजवळचं स्टूल पायाने तिच्याकडे ढकललं.

ती पुस्तक घेऊन उंबऱ्याच्या आत आली. तेवढ्यात बाहेरून कुणा गिऱ्हाइकाने शिवायला टाकलेले पडदे मागितले. "उद्या या," ती तिथूनच खेकसली. स्टुलावर बसून तिने वरून सुरुवात केली.

कुठवर.

टक.