घरच्या माणसाची सही

“बयो, सुई दिलीस ना गं? मग थांबत का नाही?”

आईचा हा आवाज नऊ वर्षांपूर्वीचा. तेव्हा बयो सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, आणि आई तिच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. आईचं दुखणं हाडांत उतरलेलं. डॉक्टरांनी दुखण्यावर लिहून दिलेली मॉर्फिनची कुपी सिस्टर पडद्याआड फोडायची, स्वतःला टोचून घ्यायची आणि आईच्या सुईत सलाइनचं पाणी भरून बाहेर यायची. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

नशा सुटून आता चार वर्षं झाली होती. व्यसनमुक्ती केंद्रात ती रोज बायकांबरोबर गोल बसायची, आपली गोष्ट सांगायची. औषधं कशी चोरली, नोकरी कशी गेली, दादाच्या दारात कशी पडून राहिली. आईपाशी आली की मात्र गोष्ट वळायची, ओढा दगडाला वळसा घालतो तशी.

यंदा सरकारचं नवं धोरण आलं. नशेतून उठलेल्यांनाच केंद्रात ‘सोबती’ म्हणून नेमायचं. अट एकच कडक होती : घरच्या माणसाने समोर बसून जबाब द्यायचा, खाली सही करायची. म्हणून आज दादा किल्ल्यांचं दुकान बंद ठेवून केंद्रात आला होता. पितळेची पूड बोटांच्या रेषांत तशीच होती.

“नशा सोडून किती काळ झाला?” कारकुनाने विचारलं.

“चार वर्षं. रोज तोंड बघतो ना हिचं. डोळ्यांवरून कळतं.”

“स्वभावात चिडचिड?”

“ती जन्मापासून आहे. धोरणात बसते का बघा.”

कारकून हसला. सिस्टरही हसली.

“आता शेवटचा रकाना. नशेच्या काळात हिने ज्यांचं जे नुकसान केलं, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे?”

“सगळं. माझी सायकल विकली, बायकोचं शिवणयंत्र विकलं. माझ्या पोरीच्या शाळेत झिंगून गेली. बोलून झालंय, रडून झालंय. लिहा, लपलेलं काही नाही.”

पेन चालू लागलं. दादा टेबलाकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “ही चुकली ती नशेत. मी तर शुद्धीत होतो, साहेब. आईला मोठ्या दवाखान्यात हलव, असं सगळे सांगत होते. मी म्हटलं, इथे आपली बयो आहे, तिच्या हाताखाली राहू दे. आणि औषध लागूच पडेना. मी पाय दाबत बसायचो, ती जाईपर्यंत कळवळत राहिली. अजून पाठ टेकली की तेच ऐकू येतं.”

हे तो आजवर कधीच बोलला नव्हता.

कारकुनाने कागद सरकवला. दादाने किल्लीचे दात कापावेत तशी जपून सही केली, शाईवर फुंकर घातली.

“घे बयो. झालीस सोबती.”

पलीकडच्या खोलीत बायका खुर्च्या गोल मांडत होत्या. सिस्टरने कागदाला हात लावला नाही.

“दादा, तू चुकला नव्हतास.”

“जाऊ दे गं आता.”

“नाही जाऊ देत. औषध चांगलं होतं. लागू पडत होतं.” तिने मान वर केली. “मला.”

“म्हणजे?”

“आईच्या सुईत पाणी असायचं.”

कारकून खुर्चीचा आवाज न करता उठला, बाहेर गेला. दादाचा हात कागदावर होता तसाच राहिला. त्याने विचारलं, अगदी हळू, आजारी पोराला कुठे दुखतंय म्हणून विचारावं तसं, “किती दिवस, बयो?”

खोट्याला अजून जागा होती. एकच दिवस म्हणाली असती, तरी त्याने मानलं असतं.

“सगळे, दादा,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून सगळे.”